मंगळावरच्या पॉलीहाऊसचा ड्रेन कुठं सोडायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथं देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले, बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. विचारलंय असं, की मंगळावर पॉलीहाऊस उभारून तिथल्या मातीत पीक घेता येईल का, आणि पीक आलं तर माणसं तिथं कायमची राहू शकतील का. शेवटी हेही लिहिलंय की याच विषयात पुढं शिकायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, आधी पोटापाण्याचं बघ.

मी बेळगाव, हुक्केरी, चिकोडी या भागात पॉलीहाऊस उभारणी आणि मातीविना शेतीचं काम करतो. रॉकेट हा माझा प्रांत नाही, त्यामुळं तिथं पोचायचं कसं यावर मी बोलणार नाही. पण बंद जागेत पीक जगवणं हे माझं रोजचं काम आहे आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा नेमका तिथंच आहे.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. पीक येईल. अंतराळ स्थानकावर पिकवलेलं लाल लेट्यूस अंतराळवीरांनी २०१५ मध्ये खाल्लं. आपल्या इस्रोनं डिसेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या यानात चवळीच्या बिया चार दिवसांत उगवल्या. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा मेथी आणि मुगाला मोड आणण्याचा जो प्रयोग झाला, तो धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा होता. म्हणजे तुमच्या गावापासून एसटीच्या अंतरावर. तेव्हा हा विषय अमेरिकेतच शिकायचा असतो, हे आधी मनातून काढा.

पण बी उगवणं आणि वस्ती टिकणं यांत फार मोठं अंतर आहे. तुम्ही ‘तिथं पीक येईल का’ असं विचारलंत. माझ्या मते विचारायला हवं ते हे: एका बंद खोलीतली हवा, पाणी आणि क्षार यांचा हिशेब वर्षानुवर्षं जुळवून ठेवता येईल का? इथं आपला हिशेब चुकला तरी आभाळ, नदी आणि जमीन तो सांभाळून घेतात. मंगळावर तसं सांभाळून घेणारं कुणी नाही.

रचनेपासून सुरू करतो. आपलं पॉलीहाऊस म्हणजे जीआय पाइपचा सांगाडा आणि त्यावर दोनशे मायक्रॉनचा कागद. पाया घालताना आपल्याला भीती असते ती वाऱ्याची. वळवाच्या वाऱ्यात अख्खं स्ट्रक्चर उचललं जाऊ नये म्हणून फाउंडेशन खोल घेतो. मंगळावर वाऱ्याची भीती नाही, कारण हवाच विरळ आहे. तिथला दाब आपल्या हवेच्या एक टक्काही नाही. तिथं भीती आतल्या हवेची. आत आपल्या निम्मा दाब ठेवला, तरी दर चौरस मीटरवर बाहेरच्या दिशेनं पाच टन जोर पडतो. दहा गुंठ्यांच्या छताचा हिशेब केला तर पाच हजार टन होतात. हे काम प्लास्टिकच्या कागदाचं नाही, बॉयलर आणि प्रेशर टाकी बनवणाऱ्यांचं आहे. त्यामुळं चित्रांत दिसतात ते मोठे पारदर्शक घुमट मला पटत नाहीत. लांबट, गोल नळकांड्यासारख्या खोल्या आणि त्यांवर दोन-तीन मीटर माती, हे जास्त शक्य वाटतं. माती टाकायचं दुसरं कारण किरणोत्सर्ग. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीनं मोजलेला आकडा दिवसाला ०.६७ मिलिसिव्हर्टच्या आसपास आहे. पृथ्वीवर सरासरी वर्षभरात जेवढा नैसर्गिक किरणोत्सर्ग अंगावर येतो, तेवढा तिथं चार दिवसांत.

वर माती टाकली की ऊन गेलं. तसंही मंगळावर आपल्या ४३ टक्केच ऊन पोचतं. जुलैमध्ये खानापूरकडं आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही तेव्हा ढोबळी मिरचीचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पेरं लांबतात, फूलगळ होते. मंगळावर धुळीची वादळं कधी कधी आठवडेच्या आठवडे टिकतात. २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गाडीची सौर पॅनेल झाकोळली आणि ती कायमची गप्प झाली. वस्तीचं अन्न अशा उन्हावर टाकून चालणार नाही, म्हणून एलईडीचे दिवे आले.

आता विजेचा हिशेब. एका माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला चांगल्या प्रकाशात चाळीस-पन्नास चौरस मीटर लागवड लागते, असं या विषयातले अभ्यासक धरतात. पन्नास धरू. चांगल्या एलईडीला चौरस मीटरमागं १८० ते २०० वॉट लागतात आणि दिवे सोळा तास चालतात. दिवसाला साधारण दीडशे युनिट झाले. एवढ्यात आपल्याकडच्या साध्या घराचा महिना निघतो. तिथं ते एका माणसाच्या एका दिवसाच्या ताटाला लागतात.

ही वीज कुठं जाते, याचा विचार फार कमी लोक करतात. जवळपास सगळीची उष्णता होते. पीक ती पाण्याच्या वाफेतून बाहेर टाकतं. पन्नास चौरस मीटरचं जोमदार पीक दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी पानांतून सोडतं. आपण काय करतो? वरचे व्हेंट उघडतो, पडदे गुंडाळतो, आणि उष्णता व दमट हवा दोन्ही निघून जातात. तिथं व्हेंट उघडताच येणार नाही. ती वाफ गार करून तिचं पाणी करावं लागेल. हे पाणी पिण्याइतकं स्वच्छ असतं, तेवढा फायदा आहे. पण निघालेली उष्णता बाहेर टाकायला मोठे रेडिएटर लागतील, कारण विरळ हवा उष्णता वाहून नेत नाही. बाहेर सरासरी उणे साठ अंश आणि आत उकाडा कसा कमी करायचा याची चिंता. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण भर दिव्याखालच्या लागवडीत हेच होणार. आणि गारवा कमी पडला की दमटपणा वाढणार, मग भुरी, करपा, सगळं मागोमाग. अंतराळ स्थानकावर झिनियाच्या रोपांना डिसेंबर २०१५ मध्ये बुरशी लागली होती ती जास्त ओलाव्यामुळंच.

आता मातीकडं येतो. तिथल्या मातीत पोटॅश, स्फुरद, लोह, गंधक आहेत. सेंद्रिय पदार्थ नाही, नत्र अगदी कमी. पण मुख्य अडचण परक्लोरेट नावाच्या क्षाराची. फिनिक्स यानाला २००८ मध्ये ते सापडलं, वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाही आणि पालेभाज्यांच्या पानांत साठतं. पाण्यात मात्र ते सहज विरघळतं, म्हणजे धुऊन काढता येतं. कृष्णाकाठी, रायबाग-अथणीकडं उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनी तुम्ही पाहिल्या असाल. तिथं आपण हेच करतो. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचे, वरून पाणी द्यायचं, क्षार निचऱ्यातून बाहेर काढायचे. काम होतं, पण निचऱ्याचं पाणी शेवटी ओढ्याला जातं. मंगळावर ते पाणी बर्फ खणून, वितळवून मिळवलेलं असेल. ते ओढ्याला सोडायचं नाही, उकळून परत मिळवायचं. परक्लोरेट फोडून त्यातून ऑक्सिजन देणारे जीवाणूही आहेत, त्यांचा पुढं उपयोग होईल. तरी सुरुवातीला मातीच्या नादी लागू नये असं माझं मत. पहिली कितीतरी वर्षं पाण्यावरची शेतीच बरी.

पाण्यावरच्या शेतीत मात्र एक दुखणं आहे. वस्तीच्या चर्चेत ते मी क्वचितच ऐकतो आणि माझ्या कामात ते रोज समोर येतं. ते म्हणजे सोडियम.

आमच्याकडं बोअरच्या पाण्यावर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगांत काकडी किंवा ढोबळी घेतली, तर आम्ही दिलेल्या पाण्यातलं पंधरा-वीस टक्के बॅगेखालून मुद्दाम वाहू देतो. यालाच ड्रेन म्हणतात. सकाळी पहिलं काम म्हणजे ड्रेनचं पाणी मगात घेऊन इ.सी. मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, बुडवायचा. आत दिलं १.८ आणि बाहेर आलं ३.२, तर मुळांशी मीठ साठतंय हे कळतं आणि त्या दिवशी ड्रेन वाढवायचा. झाड नत्र, पालाश, कॅल्शियम उचलतं, सोडियम बहुतेक मागं ठेवतं. त्यामुळं तेच पाणी फिरवत राहिलात तर महिनाभरात टाकीत नको ते साठतं आणि हवं ते संपतं. मीटर तर एकच आकडा दाखवतो, त्यात खत किती आणि मीठ किती हे कळत नाही.

आता हेच वस्तीत ठेवून बघा. माणूस दिवसाला आठ-दहा ग्रॅम मीठ खातो आणि ते लघवीतून बाहेर येतं. लघवीतलं नत्र तिथं सोन्याच्या मोलाचं, कारण तिथल्या हवेत नत्र अडीच-तीन टक्केच आहे. ते पिकाला द्यावंच लागणार, आणि नत्राबरोबर मीठही जाणार. चार माणसांचं वर्षाला साधारण बारा किलो. दोन हजार लिटरच्या टाकीत ते उतरलं तर लिटरला सहा ग्रॅम. याच्या पाव हिश्श्यालाही ढोबळीचं उत्पन्न घटतं. ड्रेन सोडायला बाहेर जागा आहे, पण सोडलेल्या प्रत्येक लिटरबरोबर पाणी, नत्र, पालाश हेही हातचं जातं.

उपाय आहेत. मीठ वेगळं काढून परत स्वयंपाकघरात न्यायचं, म्हणजे बाहेरून नवं मीठ आणायचंच नाही. बीट, पालक, चाकवत ही एकाच कुळातली पिकं सोडियम बऱ्यापैकी उचलतात. ती याच फेऱ्यात बसवायची, म्हणजे मीठ पानांतून ताटात येईल. युरोपीय अवकाश संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अशाच फेऱ्यांवर काम करतो आहे आणि त्याचं प्रायोगिक केंद्र बार्सिलोनात आहे. इतकी वर्षं काम चालू आहे यावरून अडचण किती खोल आहे ते समजा.

हवेचा हिशेब किती सहज चुकतो याचं उदाहरण अमेरिकेत ॲरिझोनात घडलं. बायोस्फिअर-२ नावाची सव्वा हेक्टरची बंद काचेची इमारत, आत आठ माणसं, १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं. शेती होती, झाडं होती, ऊनही भरपूर. तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन जवळपास २१ टक्क्यांवरून साडेचौदावर आला आणि बाहेरून सोडावा लागला. कारण शोधलं तेव्हा कळलं की सेंद्रिय खतानं भरलेल्या मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांपर्यंत पुरता पोचतच नव्हता, कारण इमारतीचं नवं काँक्रीट तो शोषून घेत होतं. चांगलं शेणखत भरपूर घाला, असा सल्ला आपण सगळेच देतो. बंद खोलीत तोच सल्ला माणसाचा श्वास कमी करतो.

दुसरं उदाहरण रशियाच्या मीर स्थानकाचं. १९९६-९७ मध्ये तिथं बुटका गहू लावला, ओंब्याही आल्या, पण दाणा भरला नाही. कारण इथिलीन. केळी पिकवणीच्या खोलीत आपण जो वायू सोडतो तोच. झाडं तो स्वतः थोडाथोडा सोडतात. उघड्या शेतात वारा तो घेऊन जातो, बंद जागेत तो साठतो आणि परागकण निकामी करतो.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर पीक येईल, पण खोली मातीखाली लागेल, वीज अफाट लागेल, उष्णता बाहेर काढावी लागेल, आणि सोडियम, इथिलीन, कार्बन डायऑक्साइड यांचा रोजचा हिशेब ठेवावा लागेल.

आता कोणतं पीक? लोकांना भाज्यांचे फोटो आवडतात. अंटार्क्टिकात जर्मनीच्या नॉयमायर-३ तळाजवळ २०१८ मध्ये एका कंटेनरात साडेबारा चौरस मीटर लागवडीवर साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी निघाली. उत्तम काम आहे. पण त्यात लेट्यूस, काकडी, टोमॅटोच जास्त होते. त्या सगळ्याचे उष्मांक काढले तर एका माणसाला जेमतेम तीन आठवडे पुरतील. भाजीनं जीवनसत्त्वं मिळतात, मन ताजं राहतं, पोट भरत नाही. पोटासाठी रताळं घ्या, असं मी सांगेन. बेळगावच्या पश्चिमेकडच्या लाल मातीत ते आपण पिढ्यानपिढ्या घेतो. नवरात्रात, एकादशीला, महाशिवरात्रीला त्याचा बाजार भरतो. पण अवकाशशेतीच्या दृष्टीनं त्याचे गुण फारसे कुणी मोजत नाही. ते वेलाच्या तुकड्यानं लागतं, म्हणजे बियाणं नको, परागीभवन नको, मधमाशी नको. कोवळी पानंही खाता येतात, त्यामुळं वाया जाणारा पाला कमी. किलोमागं आठशेहून जास्त उष्मांक. अलाबामातल्या टस्कीगी विद्यापीठानं नासासाठी पाण्यावर रताळी पिकवण्याचं मोठं काम केलं आहे. बायोस्फिअर-२ मधल्या माणसांचंही ते मुख्य अन्न होतं. अडचण एकच, कंदाला पाण्यात बुडवून चालत नाही. मुळं ओली आणि कंद मोकळा, अशी नाली करावी लागते.

वस्ती कायमची टिकेल का, या भागाचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. अन्न किती टक्के तिथंच पिकवायचं, वीज अणुभट्टीची की सौर, माणसं दहा की हजार, यावर सगळं बदलतं. माणसाच्या शरीराचाही प्रश्न आहे. मंगळाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्के, आणि पृथ्वीपेक्षा कमी गुरुत्वाच्या जमिनीवर माणूस सर्वात जास्त राहिला तो अपोलो-१७ च्या वेळी चंद्रावर, सुमारे तीन दिवस. त्यावरून तिथं मुलं कशी वाढतील हे ठरवता येत नाही. ऑक्सिजनचं यंत्र मात्र सिद्ध झालंय. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये मंगळाच्या हवेतून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमहून जास्त लागतो, तेव्हा ते यंत्र मोठं करावं लागेल, पण वाट दिसली आहे.

मला जास्त काळजी सुट्या भागांची वाटते. चोर्ला घाट बंद झाला की गोव्याला निघालेली आपली भाजी अडकते आणि दोन दिवसांत भाव कोसळतात. मंगळाची वाट २६ महिन्यांनी एकदा सोयीची होते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. इथं खत सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा शाफ्ट गेला तर मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नेतो, संध्याकाळपर्यंत लेथवर दुसरा करून मिळतो. उन्हाळ्यात पंप एक दुपार बंद राहिला तरी कोकोपीटमधली काकडी सुकते. पाण्यावरच्या पिकाला तर तेवढाही वेळ नसतो. म्हणून माझ्या मते मंगळावरची वस्ती शेतकऱ्याइतकीच टर्नर, फिटर आणि मोल्डरवर उभी राहील. बेळगावची फाउंड्री आणि मशीनशॉपची परंपरा मला यात फार मोलाची वाटते, आणि तुमचे मित्र आयटीआयला असतील तर त्यांनाही हे सांगा.

माझा अंदाज विचाराल तर संशोधन तळ होईल. पाळीपाळीनं माणसं जातील, धान्य इथून नेतील, भाजी आणि थोडी रताळी तिथं पिकवतील. स्वतःच्या अन्नावर जगणारं गाव मात्र पृथ्वीवर तशी बंद खोली दहा-वीस वर्षं सलग चालवून दाखवल्याशिवाय होऊ नये. चीनमध्ये बीजिंगच्या ‘युएगाँग-१’ या बंद प्रयोगशाळेत २०१७-१८ साली विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं ३७० दिवस काढले. चांगली सुरुवात आहे, पण वर्षभराचीच.

घरच्यांना हे सांगा, की यासाठी जे शिकाल त्याला इथंही काम आहे. वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, पाण्याचं रसायन, सेन्सर आणि कंट्रोलरची जुळणी. पॉलीहाऊस, टिश्यू कल्चर, सांडपाणी प्रक्रिया, कोल्ड स्टोरेज, सगळीकडं अशी माणसं हवी आहेत. एम.एस्सी.साठी धारवाडचा विचार नक्की करा.

आणि वाट बघत बसू नका, गच्चीवर एक प्रयोग सुरू करा. दोनशे लिटरची टाकी, एक छोटा पंप, पीव्हीसीची नाली, त्यात रताळ्याच्या वेलाचे तुकडे आणि शेजारी पालक. नियम एकच, चार महिने एक थेंबही ड्रेन सोडायचा नाही, उडालं तेवढंच पाणी वरून भरायचं. बोअरचं पाणी वापरा, पावसाचं नको, म्हणजे सोडियम लवकर दिसेल. दर आठवड्याला किती लिटर भरलं, इ.सी. आणि पीएच किती, हे वहीत लिहा. महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन सोडियम, पोटॅशियम आणि नायट्रेट वेगवेगळं तपासून घ्या. काढणीला कंद, पाला आणि मुळं सुकवून वजन करा. आकडे आले की मला पाठवा. पालकानं किती सोडियम उचललं ते आपण दोघं मिळून काढू, आणि दुसऱ्या खेपेला पालकाऐवजी बीट लावायचं का ते त्यावरून ठरवू.